कृष्णविवराभोवती फेर

मराठीत हल्ली एखादी गोष्ट कायमची नाहीशी झाली की ती कृष्णविवरात जाते. अग्रलेखात सरकारी निधी जातो, कवितेत आठवणी जातात, कादंबरीत नायकाची उमेद जाते. कवितासंग्रहांची परीक्षणे लिहिताना हा शब्द दिसला की मी समासात पेन्सिलीने खूण करतो, आणि अशा खुणा आता पुष्कळ झाल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी कृष्णविवराला एकच काम दिलेले असते, ते म्हणजे गिळण्याचे. ते जबडा असते, खाई असते, तळ नसलेली विहीर असते. कवीने सूर्याला पश्चिमेला उगवायला लावले तरी माझी हरकत नाही. तेव्हा ही तक्रार शास्त्रीय चुकीची आहे असे कुणी समजू नये. ज्या घरातून उसने आणले त्या घरात याहून कितीतरी जास्त होते आणि आपण उंबऱ्यावरची एक वस्तू उचलून परत फिरलो, अशी ती तक्रार आहे.

दोष थोडा नावाचाही आहे. विवर म्हणजे पोकळी, बीळ, जमिनीत उतरणारी वाट. बंगाली कृष्णगह्वर म्हणते, तेलुगू कृष्णबिलम्, कन्नड कप्पुकुळी, तमिळ करुंतुळै. गह्वर, बीळ, खड्डा, भोक. सगळ्या भाषांनी पडण्याचीच सोय करून ठेवली आहे. मल्याळममधले तमोद्वारम् तेवढे मराठी कानाला निराळे वाटते. तिथेही द्वारम् म्हणजे भोकच, पण आपल्याला दार ऐकू येते, आणि दाराबाहेर माणूस उभा राहू शकतो, येरझाऱ्या घालू शकतो. इंग्रजी नाव रूढ केले जॉन व्हीलर यांनी, १९६७च्या अखेरीस. त्याआधी काही वर्षे रॉबर्ट डिकी यांनी कोसळलेल्या ताऱ्याला गमतीने कलकत्त्याच्या १७५६च्या ‘ब्लॅक होल’ची उपमा दिली होती, अशी आठवण त्यांच्या एका श्रोत्या शास्त्रज्ञाने सांगितली आहे. म्हणजे फोर्ट विल्यममधली अंधारकोठडी जगभर हिंडून संस्कृत वेषात आपल्याकडे परत आली. गंमत अशी, की त्या कोठडीतून काही माणसे सकाळी जिवंत बाहेर आली होती आणि त्यांतल्याच एकाने, हॉलवेलने, ती कहाणी लिहिली. रशियन शास्त्रज्ञ त्या काळात ‘गोठलेला तारा’ म्हणत. दुरून पाहणाऱ्याला ताऱ्याचे कोसळणे कधी पूर्ण झालेले दिसतच नाही, म्हणून. ते नाव टिकले असते तर आपल्या कवितेत आज जबड्यांऐवजी थांबलेली घड्याळे असती. त्यांनाही मी कंटाळलो असतो, पण जरा उशिरा.

आता सापेक्षतेचा व्यापक सिद्धांत काय सांगतो? सगळ्यात आधी तो हे सांगतो की कृष्णविवर ओढून घेत नाही. निदान पाण्याच्या पंपासारखे नाही. उद्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर आणून ठेवले तर पृथ्वीची कक्षा बदलणार नाही. अंधार होईल, थंडी पडेल, पण पंचांग चालू राहील. आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी, सुमारे २७,००० प्रकाशवर्षांवर, ४३ लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर आहे आणि एस-टू नावाचा एक तारा त्याच्याभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. मे २०१८ मध्ये तो सगळ्यात जवळ आला तेव्हा अंतर होते सूर्य-पृथ्वी अंतराच्या १२० पट आणि वेग सेकंदाला सुमारे ७,७०० किलोमीटर. आला, वळला आणि निघून गेला. त्याच्या लंबवर्तुळाने मात्र स्वतःवरच पाय ठेवला नाही. न्यूटनच्या हिशेबात कक्षा जिथे बंद होते तिथे ती झाली नाही, प्रत्येक फेरीत सुमारे १२ कलांनी पुढे सरकते. बुधाच्या बाबतीत हेच सरकणे शंभर वर्षांत ४३ विकला असते, आणि आइन्स्टाइनने १९१५ मध्ये ते आपल्या समीकरणांतून काढून दाखवले होते. एस-टूचे सरकणे २०२० मध्ये जाहीर झाले. ज्याला आपण जबडा म्हणतो त्याच्या दाराशी एक तारा फूल उमलावे तशी कक्षा रेखाटत बसला आहे, ही गोष्ट माझ्या माहितीतल्या एकाही कवितेत आलेली नाही.

अर्थात एस-टू अजून फार दूर आहे. खरी गंमत आत जाताना सुरू होते. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराचे घटना-क्षितिज केंद्रापासून सुमारे ३ किलोमीटरवर असते. त्याच्या आतून काहीच बाहेर येत नाही. कवितांना एवढेच ठाऊक असते. पण त्याच्या बाहेर आणखी दोन मर्यादा आहेत आणि सिद्धांताचे सगळे नाट्य तिथे घडते. क्षितिजाच्या तिप्पट अंतरावर, म्हणजे ९ किलोमीटरवर, शेवटची स्थिर कक्षा. दीडपट अंतरावर, साडेचार किलोमीटरवर, प्रकाशाचे वर्तुळ. न्यूटनच्या जगात फिरणाऱ्याला नेहमी अभय असते. तो जसजसा आत येतो तसतसा त्याचा वेग वाढतो आणि तो वाढलेला वेगच त्याला पुन्हा बाहेर लोटतो. आइन्स्टाइनच्या समीकरणात त्यात आणखी एक पद येते. दूरवर ते नगण्य असते. जवळ आल्यावर ते बाकी सगळ्यांवर मात करते. ९ किलोमीटरवर तुम्ही प्रकाशाच्या निम्म्या वेगाने फिरत असता, तुमच्या घड्याळाचे ७१ मिनिटे होतात तेव्हा दूरच्या घड्याळाचे १०० मिनिटे झालेले असतात, आणि तरीही फेरी सुरळीत असते. त्याच्या आत मात्र नुसता धक्का पुरतो.

याचे सगळ्यात सुंदर वर्णन मला सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९८३ मधल्या कृष्णविवरांच्या गणितावरच्या ग्रंथात सापडते. तो ग्रंथ सलग वाचणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र तिथे फार दूरपर्यंत सोबत करत नाही. एकेका पायरीमागचे हिशेब इतके लांब आहेत की ग्रंथात न मावलेल्या वह्या त्यांनी शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवून दिल्या. पण कक्षांची चित्रे पाहता येतात आणि त्यांच्यामागचे वर्गीकरण समजू शकते. चंद्रशेखर कक्षांचे दोन प्रकार करतात, पहिल्या जातीच्या आणि दुसऱ्या जातीच्या. पहिल्या जातीची कक्षा दोन अंतरांमध्ये झुलत राहते, फुलासारखी पाकळ्या काढत. दुसऱ्या जातीची आत जाऊन संपते. कथेच्या वाचकाला थांबवणारी गोष्ट पुढे आहे. एकाच ऊर्जेच्या आणि एकाच कोनीय संवेगाच्या दोन कक्षा, एक पहिल्या जातीची आणि एक दुसऱ्या, शेजारी शेजारी असू शकतात. जमाखर्चाचे आकडे तेच आहेत. दोन्हींच्या मध्ये उंचवटा आहे आणि तुम्ही त्याच्या कुठल्या बाजूला आहात यावर सगळे ठरते. शोकांतिकेत आपण पात्राच्या स्वभावात त्याचा शेवट शोधतो. इथे स्वभाव सारखाच आहे, शेवट निराळे. इतक्या कोरड्या पानावर इतकी निर्दय गोष्ट क्वचित वाचायला मिळते, आणि चंद्रशेखर तिच्यावर एकही विशेषण खर्च करत नाहीत.

मग वस्तू आत पडतात तरी कशा? कष्टाने. हेही कवितेला माहीत नाही. कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूची तबकडी तयार होते आणि तिच्यातल्या प्रत्येक कणाला आत जायचे तर आपल्याजवळचा कोनीय संवेग कुणाला तरी देऊन टाकावा लागतो. चुंबकीय क्षेत्रामुळे माजणारी खळबळ हा व्यवहार घडवून आणते. आतला कण बाहेरच्याला देतो, आतला आणखी आत सरकतो, बाहेरचा आणखी बाहेर. म्हणजे काहींना दूर जावे लागते तेव्हा काहींना पडता येते. या घासाघाशीत वायू तापतो आणि उजळतो. हायड्रोजनचा हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्का भाग ऊर्जा होतो. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या शेवटच्या स्थिर कक्षेपर्यंत येताना सुमारे ५.७ टक्के होतो, आणि कमाल वेगाने स्वतःभोवती फिरणाऱ्याच्या बाबतीत ४२ टक्क्यांपर्यंत. विश्वातले कितीतरी सर्वांत तेजस्वी दिवे या न पडण्याच्या धडपडीवर जळतात. अंधाराची प्रतिमा म्हणून आपण वापरतो ती वस्तू अशी आहे.

स्वतःभोवती फिरणाऱ्या कृष्णविवराचे गणित रॉय कर यांनी १९६३ मध्ये मांडले, आणि त्याच्यासाठी मराठीत एक आयता शब्द पडून आहे: भोवरा. पाण्यातलाही भोवराच आणि दोरी गुंडाळून फिरवायचाही भोवराच. करचे कृष्णविवर एकाच वेळी दोन्ही असते. ते स्वतः गरगरते आणि आजूबाजूचा अवकाश सोबत ओढत नेते, इतके की क्षितिजाबाहेरच्या एका पट्ट्यात स्थिर उभे राहणे कुणालाच शक्य नसते. तिथे असणे म्हणजे फिरणे. आणि इथे दिशेला महत्त्व येते. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी उजव्या हाताला ठेवतो आणि ओलांडत नाही. शंकराच्या देवळात सोमसूत्राशी पोचल्यावर उलटे वळावे लागते. कुणाभोवती फिरायचे तर कुठल्या अंगाने, हा प्रश्न आपल्याला परका नाही. कमाल वेगाच्या कृष्णविवराभोवती त्याच्याच दिशेने फिरलात तर शेवटची स्थिर कक्षा थेट आत, न फिरणाऱ्याच्या एक-षष्ठांश अंतरावर येते. उलट्या दिशेने गेलात तर तीच दीडपट दूर ढकलली जाते. न ओलांडता फिरत राहण्याची इतकी जुनी भाषा जवळ असताना आपण खड्ड्याची प्रतिमा का पत्करली, याचे मला नवल वाटते.

प्रकाशाचे वर्तुळ हा प्रकार आणखी विलक्षण. क्षितिजाच्या दीडपट अंतरावर प्रकाशालाही वर्तुळाकार कक्षा आहे. तिथे उभे राहून सरळ समोर पाहिले तर तुमच्या पाठीवरून निघालेला किरण पूर्ण फेरी मारून तुमच्या डोळ्यांत येईल. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, हे म्हणणे तेवढ्या एका ठिकाणी खोटे ठरते. पण ही कक्षा अस्थिर आहे, टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी. केसभर आत सरकलेला किरण आत जातो, केसभर बाहेरचा काही वेढे घेऊन सुटतो. अर्धा वेढा घेऊन सुटलेल्या किरणांचे एक कडे दिसते, त्याला चिकटून आणखी अर्धा वेढा घेतलेल्यांचे आधीच्याहून सुमारे २३ पट बारीक कडे, मग त्याहून तितक्याच पटीने बारीक, अंत नाही. सगळे आकाश त्या काठावर पुन्हा पुन्हा, अधिकाधिक बारीक अक्षरांत लिहिलेले असते. या वर्तुळाच्या आत आणखी एक उलथापालथ आहे. मारेक अब्रामोविच आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले ए. आर. प्रसन्ना यांनी १९९०च्या लेखात ती दाखवली: तिथे जास्त वेगाने फिरल्याने बाहेर लोटले जाण्याऐवजी आतला ओढा वाढतो. बाहेर ज्या गोष्टीने वाचवले तीच आत बुडवते.

हे सारे डोळ्यांना कसे दिसेल, याचे पहिले मोठे चित्र १९७९ मध्ये जाँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने काढले. काढले म्हणजे खरोखरच हाताने. पंचकार्डांवर चालणाऱ्या आयबीएम ७०४० संगणकाने आकडे दिले; ते चित्ररूपात छापण्याची सोय नव्हती. म्हणून ल्युमिने यांनी काळ्या शाईचे हजारो ठिपके कागदावर टिपले, जिथे उजेड जास्त तिथे दाट, आणि मग त्याची उलटी प्रत काढून काळ्याचे पांढरे केले. त्या काळ्या शाईला इंग्रजीत ‘इंडिया इंक’ म्हणतात, हे जाता जाता. चित्रात तबकडी जवळजवळ कडेने पाहिली आहे. तिचा मागचा भाग कृष्णविवराच्या आड लपायला हवा, पण तिथून निघालेला प्रकाश वरून वळून येतो आणि मागचा भाग कमानीसारखा डोक्यावर उभा दिसतो. खालच्या बाजूला तबकडीच्या तळाची बारीक कड दिसते. एखाद्या वस्तूची पुढची, मागची आणि खालची बाजू एकाच नजरेत दाखवण्यासाठी चित्रकारांना घनवाद शोधावा लागला; इथे ते प्रकाश स्वतःच करतो.

या चित्राचे मर्म मात्र आणखी एका गोष्टीत आहे: ते एकांगी आहे. एक बाजू झळाळते, दुसरी जवळजवळ विझलेली. कारण वायू प्रकाशाच्या वेगाशी तुलना व्हावी इतक्या वेगाने फिरतो आहे. जो आपल्याकडे येतो त्याचा उजेड कित्येक पटींनी वाढतो आणि जो आपल्यापासून दूर जातो त्याचा तितकाच मंदावतो. स्थिर चित्रात हालचाल दाखवण्याचा हा एकच मार्ग होता आणि तो निसर्गानेच देऊ केलेला होता. ठिपके हलत नाहीत, पण पाहणाऱ्याला कळते की काहीतरी फिरते आहे आणि कुठल्या दिशेने.

आता ३५ वर्षांनंतरचा चित्रपट घेऊ. क्रिस्टोफर नोलन यांच्या ‘इंटरस्टेलर’मधले गार्गान्टुआ नावाचे कृष्णविवर एव्हाना सगळ्या जगाने पाहिले आहे, शाळेच्या वह्यांच्या मुखपृष्ठांपर्यंत ते पोचले. त्यामागचे गणित किप थॉर्न यांचे, आणि किरणांचे वळणे तिथे अगदी चोख आहे: तीच कमान, तीच खालची कड. पण एकांगीपणा काढून टाकला आहे. दृश्यपरिणाम करणाऱ्या चमूने आणि थॉर्न यांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या शोधनिबंधात ते मोकळेपणाने सांगून टाकले आहे: एका बाजूला जास्त उजेड, चपटी झालेली छाया, याने सामान्य प्रेक्षक गोंधळेल असे वाटल्याने उजेडातला तो फरक वगळला आणि चित्रासाठी कृष्णविवराचे फिरणेही कमालीच्या ०.६ पट एवढेच ठेवले. कथेत तर एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे आहेत. त्यासाठी कृष्णविवराचे फिरणे कमाल मर्यादेहून शंभर लाख कोटींत एक भाग एवढेच कमी असावे लागते. म्हणजे या चित्रपटात कृष्णविवरे दोन आहेत, एक संवादांत आणि एक पडद्यावर, आणि त्यांची गाठ पडत नाही.

यात सवलत घेतली म्हणून मी नाक मुरडत नाही. सवलतीने काय झाले ते पाहावे. दोन्ही बाजू सारख्या उजळल्या आणि कृष्णविवराला प्रभावळ आली. देव्हाऱ्यातल्या मूर्तीमागे असते तशी, तोललेली, शांत, समोरासमोर पाहणारी. प्रेक्षकाला भक्तिभाव वाटतो. संगीतातला ऑर्गनही तेच सुचवतो. फिरणे नाहीसे झाले. ज्या वायूच्या न पडण्याच्या धडपडीवर तो सारा उजेड उभा आहे, तीच धडपड चित्रातून पुसली गेली. ल्युमिने यांच्या ठिपक्यांत ती आहे, म्हणून पंचकार्डांच्या काळातले ते करड्या रंगाचे, खरबरीत चित्र मला कलाकृती म्हणून वरचढ वाटते. एप्रिल २०१९ मध्ये एम-८७ या दीर्घिकेतल्या, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरच्या आणि ६५० कोटी सूर्यांएवढ्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांची निराशा झाली. अस्पष्ट, नारिंगी, मेदूवड्यासारखे काहीतरी, तेही गार्गान्टुआ पाहून झाल्यावर. रंग तर मनचाच होता, कारण निरीक्षण १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींचे. पण त्या कड्याची खालची बाजू वरच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त उजळ होती. प्रेक्षक ज्याने गोंधळेल म्हणून चित्रपटाने वगळले ते पहिल्याच प्रतिमेत समोर आले, आणि कुणी गोंधळले नाही. प्रेक्षकाविषयीचा हा अविश्वास आपल्या संपादकांतही असतो, असो.

मात्र याच चित्रपटात कक्षेतून जन्मलेला एक अव्वल प्रसंग आहे. ग्रहावर काही तास काढून माणसे यानात परततात तेव्हा यानात थांबलेला सहकारी २३ वर्षांनी म्हातारा झालेला असतो आणि नायक आपल्या मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक पाहतो. मुले पडद्यावर मोठी होत जातात. इथे कुणी पडलेले नाही, कुणी गिळलेले नाही. दोन माणसे दोन वेगवेगळ्या अंतरांवरून एकाच वस्तूभोवती फिरत होती, एवढेच घडले. पुढे नायक प्रत्यक्ष आत पडतो आणि कथा सैल होते. त्याला आत सापडते ती मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळीची मागची बाजू. ल्युमिने यांचे चित्र आले त्याच १९७९ मध्ये डिस्नेचा ‘द ब्लॅक होल’ आला होता. त्यातही शेवटी सगळे आत जातात आणि आत निघतो नरक आणि स्वर्ग. क्षितिजाच्या आतून बातमी येत नसल्याने लेखकाला मोकळे रान मिळते, आणि मोकळ्या रानात तो सोबत नेलेलेच पेरतो: एकाने धर्म, दुसऱ्याने घर. बाहेर, कक्षेत, सिद्धांताचे नियम काचतात आणि गोष्ट घडते.

हे फ्रेडरिक पोल यांनी १९७७च्या ‘गेटवे’ या कादंबरीत ओळखले होते. नायक कृष्णविवराच्या तावडीतून सुटतो, सोबतचे सगळे मागे राहतात. वर्षे लोटतात, तो श्रीमंत होतो, यांत्रिक मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून विनोद करतो. पण त्याच्या हिशेबाने ते लोक अजून तिथेच आहेत, अजून त्यांच्या घड्याळात फारसा वेळ गेलेला नाही, ज्या क्षणी त्याने त्यांना सोडले तो क्षण त्यांच्यासाठी अजून संपलेला नाही. मेलेल्या माणसांविषयीचा अपराधभाव निवळतो. ती मेलेलीच नाहीत, हा सिद्धांताने टाकलेला पेच आहे. काळ मंदावण्याचा इतका मानवी उपयोग मी अन्यत्र वाचलेला नाही, आणि तो उपयोग काठावरचा आहे.

मराठीत हा शब्द कथेच्या शीर्षकात आला तो एका सापेक्षतेच्या अभ्यासकाच्या हातून. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर हाती येतात. पुढे आपल्या विज्ञानकथेने आणि त्याहून जास्त कवितेने शब्द उचलला आणि अभ्यास मागे ठेवला. भारतात या विषयाचा इतिहास मुळातच बहुभाषी आहे. काशी हिंदू विद्यापीठात विष्णु वासुदेव नारळीकर यांच्या सहवासात गुजराती प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये प्रकाश ओतणाऱ्या ताऱ्याबाहेरचा अवकाश गणितात मांडला. कलकत्त्याच्या अमलकुमार रायचौधुरींचे समीकरण १९५५चे. चंद्रशेखर लाहोरला जन्मलेले तमिळ. यांच्यापैकी प्रत्येकाच्या भाषेतल्या वाङ्मयात आज कृष्णविवर काय करते, हे त्या त्या भाषेच्या समीक्षकांनी या पानांवर सांगावे अशी माझी इच्छा आहे. मराठीचे मी सांगितले.

कन्नडिगा सी. व्ही. विश्वेश्वरा यांचे नाव मुद्दाम शेवटी ठेवले. १९७० मध्ये त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात दाखवले की कृष्णविवराला धक्का दिला तर ते घंटेसारखे कंप पावते आणि ठरावीक स्वरात, लवकर विझत जाणारा नाद अवकाशात सोडते. हा नाद येतो कुठून? घंटेचा धातू तर तिथे नाही. प्रकाशाच्या त्या अस्थिर वर्तुळाच्या आसपास गुरुत्वलहरी फेर धरतात, फिरता फिरता थोड्या थोड्या निसटत बाहेर येतात, आणि किती वेगाने फिरल्या त्यावर स्वर ठरतो, किती लवकर निसटल्या त्यावर विझणे. विश्वेश्वरांनी बंगळूरला नेहरू तारांगण उभारले, न्हाणीघरातल्या फेसाच्या बुडबुड्यांशी कृष्णविवरांची सांगड घालणाऱ्या शीर्षकाचे इंग्रजी पुस्तक लिहिले, व्यंगचित्रे काढली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोच्या उपकरणांनी दोन कृष्णविवरांचे मीलन टिपले: ३६ आणि २९ सूर्यांएवढी दोन, एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ आली आणि ६२ सूर्यांएवढे एक झाले, उरलेले तीन सूर्य लहरींत गेले. सगळा संकेत सेकंदाच्या पाचव्या हिश्शाचा. त्याच्या अगदी टोकाला, मीलन झाल्यावर काही सहस्रांश सेकंद, तो विझत जाणारा नाद होता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जाहीर झाली तेव्हा विश्वेश्वरा हयात होते. पुढच्या जानेवारीत ते गेले.